बहुमताने घट्ट ठरलेला दगड

रा. रा. ज्ञानोबा मेहुणे यांस, घाटातून आसारामदाजींचा रामराम.

आम्ही इकडे धुळीसकट खुशाल आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? माजलगावच्या कालव्याचं पाणी, दारात ऊस आणि वर साखर कारखान्यातली बसून करायची नोकरी, एवढं असून गुडघे दुखतात म्हणजे नवलच. इकडे टँकर येतो, पण त्याच्या मर्जीने. यंदा वरून काही पडलं असेल तर दगडच. (तेही हायवेवर, शेतात नव्हे; तेव्हा तक्रार नाही.)

तर घाटातल्या दरडी आवरायचं काम निघालं. सैल दगड पहारीने खाली उतरवायचे आणि उरलेल्या कड्याला तारेची जाळी ठोकायची. काम मिळालं आपल्याच मजूर सहकारी संस्थेला. एक तरणा इंजिनियर दोराला लटकून कडा ठोकत फिरला आणि सैल दगडांवर चुन्याच्या फुल्या मारून गेला. सगळ्यांत मोठी फुली आमच्या चहाच्या हॉटेलावरच्या दगडावर. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. पण चेअरमन सुंदरराव सहकारात मुरलेले. एकट्या माणसाने परस्पर ठरवायचं तर संस्था कशाला? त्यांनी सर्वसाधारण सभा बोलावली. आता दुष्काळात ज्या बाजूचा दगड सैल, त्या बाजूच्या वाडीला रोजगार. मग काय विचारता, जो तो आपला कडा ढासळतोय म्हणून गळा काढू लागला. दोन्ही वाड्यांचे दगड हात वर करून सैल ठरले. (त्यातल्या एकावर आमच्या आजोबांच्या आधीपासून देऊळ उभं आहे.) आमच्या बाजूला घर एक, मत एक. आमचा दगड बहुमताने घट्ट ठरला. इंजिनियर तळमळून उठला, तेव्हा सुंदरराव गोड आवाजात म्हणाले, "सायेब, तुमी बसा. तुमी सभासद न्हाईत."

फुली ठरावाप्रमाणे पुसण्यात आली. पुसणारा वर चढला तेव्हा दोन धोंडे गडगडत खाली आले, पण ते विषयपत्रिकेवर नव्हते. तुमच्या बहिणीची, सिंधूची चूल बरोबर त्या दगडाखाली. तिला सांगितलं तर म्हणते, "पडायचा आसता तर कवाच पडला आसता." मी मात्र कपबशी वाजली तरी वर बघतो. मेहुणे, मला भीती वाटते.

घरातल्या थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
आसाराम

ता. क. : काल सुंदरराव आले होते. दगडाकडे बोट करून म्हणाले, "लई घट्ट हाय, कावून घाबरता?" जीप मात्र पलीकडच्या वळणावर लावली होती. चहाही तिथेच मागवला.

आणखी एक : सिंधूला ताबडतोब बोलावून घ्या. दगडाचं अवाक्षर लिहू नका, नाहीतर ती मला सोडून निघायची नाही. गुडघ्यांचं लिहा, जमल्यास थोडं वाढवून. हॉटेल बंद करून मला येता येत नाही. माझी काळजी नको. मी सभासद आहे, ठराव मला बंधनकारक आहे.