वारुळाशिवाय उडी

३ जुलै १९६५, सकाळ.
निवड झाली! काँगोत ब्राझाव्हिलला अख्ख्या आफ्रिकेचे खेळ भरणार आहेत, त्यात बुरुंडीतर्फे उंच उडीला मी एकटा. सुवर्णपदक जवळजवळ नक्की. जगाचा विक्रम म्हणून जेवढं सांगतात, तेवढं आमचे बाबा जेवण झाल्यावर सहज उडायचे. संकल्प : रोज पहाटे सराव. केळ्याची दारू बंद.

५ जुलै.
पहाट हुकली. काल शेजारी लग्न होतं, दारूला नाही म्हणणं बरं दिसत नाही. उद्यापासून नक्की.

९ जुलै.
बाबा आता खाटेवरून उठत नाहीत. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. डॉक्टरांना काय कळतंय! बाबांनी जवळ बोलावलं. म्हणाले, माझी उडी तिकडच्यांना दाखवून ये, मग मी जायला मोकळा. मी म्हटलं, पदक तुमच्या गळ्यात घालतो, मग बघू कसे जाता ते.

१६ जुलै, ब्राझाव्हिल.
मैदान झकास. फक्त आडव्या काठीसमोर वारूळच नाही! आमच्या टेकडीवर शेंबडं पोरसुद्धा वारुळावर पाय देऊन उडतं. सपाट जमिनीवरून कोण उडतं? पथकप्रमुख बिगिरिंदावी गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, अहो, गडी विसरले असतील.

१७ जुलै.
गुरुजींनी आणि मी माती आणून, पाणी मारून, थापून सुरेख वारूळ केलं. दुपारी पंचांनी फावड्याने काढून टाकलं. गुरुजी तावातावाने भांडले. पंच म्हणाले, मोस्यू, आम्ही माणसाची उडी मोजतो, ढिगाऱ्याची नाही. सगळे हसले.
हरकत नाही. वारूळ म्हणजे नुसती सवय. दोन-चार बोटांचा फरक पडेल.

१८ जुलै.
सराव केला. काठी सारखी पडत होती. वारा फार. बूटही चावतात. सेनेगलचा एक उडीवाला म्हणाला, दादा, काठी जरा खाली घेऊ का? आगाऊ कुठला.

२१ जुलै.
स्पर्धा. अगदी सुरुवातीची उंची. पहिल्यांदा काठी पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा बाबांचं नाव घेऊन धावलो आणि काठीसकट मीच पडलो. सगळ्यांत आधी बाहेर.
गुरुजी म्हणाले, वारूळ असतं तर! मी हो म्हटलं. मग एकटाच मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. आमचं वारूळ माझ्या गुडघ्याला लागतं. बाबांचं तर त्याहून उंच होतं. पुढचा हिशोब करवला नाही. खूप रडलो.

३१ जुलै, घरी.
बाबा माझ्यासाठी थांबले होते. खोली माणसांनी भरलेली. काय सांगायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं : वारा, बूट, पंच. बाबांनी एवढंच विचारलं, तिकडचं वारूळ कसं होतं रे?
म्हटलं, चांगलं होतं बाबा. अगदी तुमच्या वारुळासारखं. मीच कमी पडलो.
बाबा हसले. म्हणाले, वेड्या, माझी उडी म्हणजे काय खायचं काम आहे?
दुपारी गेले.
भेटायला येणारी तरुण पोरं विचारतात, किती उडायचे हो तुमचे बाबा? मी टाचा उंचावून हात वर करतो. पूर्वी दाखवायचो, तितकाच वर.