लाल देशाचा हल्ला

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी जेवत होतो, आणि पोटभर जेवलो. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग उतरलेला नाही. नव्वदच्या सुमाराला पनवेलच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला संरक्षणशास्त्र शिकवायचात. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, बुटांना चकाचक पॉलिश, आवाज एसटी स्टँडपर्यंत जाईल असा. शेजारच्या देशावर तर तासन्‌तास बोलायचात. "तिथे शत्रू कोण ते फौज ठरवते, सरकार नुसती सही करतं. शत्रूच उरला नाही तर फौजेला विचारतो कोण? म्हणून तिथे तह टिकत नाही." आपलं तसं नाही, हेही तुम्हीच सांगायचात आणि मी मान डोलवायचो.

मग प्रॅक्टिकलचा दिवस. मोठ्या लाकडी ट्रेमध्ये गाढी नदीची वाळू, काड्यापेट्यांची घरं, खडूच्या पुडीची निळी नदी, तिच्यावर पुठ्ठ्याचा पूल, दोन्ही देशांचे कागदी झेंडे. निळा देश आपला, लाल देश शत्रूचा. दर वर्षी लाल देश पुलावर हल्ला करतो आणि निळा तो मोडून काढतो, हे ठरलेलं. यंदा लाल देशाचा सेनापती उरणचा, कोळ्याच्या घरातला आमचा वर्गमित्र, आणि त्याच्या हाताखाली मी. तो पुठ्ठ्याच्या पुलावर बोट ठेवतो.

"सर, आमी हल्ला नाय करनार. आमच्याकडं पानी हाय, भात हाय. पूल घेऊन काय करू?"

वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही.

"अरे, लाल देश हल्लाच करणार नसेल तर निळ्याने एवढी तयारी केली कशाला? प्रॅक्टिकल होणार कसं?"

"नाय झाली लढाई तं काय बिघडलं, सर?"

तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलंत आणि शून्य दिलंत. शेजाऱ्याचा रोग वर्षभर फळ्यावर लिहून दाखवलात, आणि स्वतःच्या ट्रेपाशी तुम्हाला तो दिसला नाही! आता टीव्हीवरचे पुढारी तुमच्याच आवाजात बोलतात. तहाचं नाव काढणाऱ्याला तेही असंच बाहेर काढतात. मला त्यांची चीड येते आणि त्यांच्याआधी तुमची येते.

फौजेत अधिकारी व्हायचं त्या उरणच्या मित्राच्या फार मनात होतं. पुण्यातल्या तुमच्या मित्राच्या तयारी शिबिरासाठी तुम्ही वर्षाला एकाच विद्यार्थ्याची शिफारस करायचात, आणि त्या वर्षी ती त्याचीच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. ती मला मिळाली. तो जासईच्या कंटेनर यार्डात नोकरीला लागला, मी फौजेत अधिकारी होऊन निवृत्त झालो. लोकांना मी सांगत आलो की त्याला बाहेर काढल्यावर सरांनी हुकूम दिला, म्हणून मी पुलावर हल्ला केला.

तुम्ही हुकूम दिला नव्हतात, सर. माझा सेनापती वर्गाच्या दारापर्यंतही पोचला नव्हता, तेवढ्यात मी स्वतःहून लाल झेंडे उचलले आणि पुलावर नेऊन रोवले. हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे.