मुंगीचा पहिला नकार

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून (कंबर परवानगी देते तेवढेच) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तू मला विचारायला जागा ठेवत नाहीस, म्हणून हे पत्र.

आपली मुंगी पाच वर्षांची झाली तरी बोलत नाही म्हणून तू दर रविवारी हळहळतेस. ताई, माझ्या नातीला सगळे समजते. शब्द डोक्यात तयार असतो, पण जिभेला, ओठांना, जबड्याला हुकूम नीट पोचत नाही. ओठ मिटायचे तेव्हा उघडतात, जीभ वर जायची ती खाली बसून राहते. हे मला तिच्या वाचा-उपचाराच्या बाईंनी समजावले. त्यांच्या खोलीत एक बुटके टेबल, लहान खुर्च्या (एकीत मी बसलो, उठलो तेव्हा तीही माझ्याबरोबर उठली) आणि एक मोठा आरसा आहे.

मी उभा जन्म बाजारात लिलाव पुकारला. तेव्हा एका पोरीला बोलते करणे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असे मी बाईंना ऐकवले. त्यांनी शांतपणे मला आरशासमोर बसवले आणि 'नको' हा शब्द सावकाश, कुठे काय हलते ते बघत म्हणायला लावला. ताई, मला जमेना. जीभ दातांमागे टेकते, आवाज नाकात शिरतो, लगेच जिभेची मागची बाजू टाळूला भिडते, तोवर ओठांचा चंबू तयार हवा, आणि हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. एवढी मोठी करामत मी जन्मभर करत आलो आणि ती खर्च केली कोबीच्या भावावर. मी अवाक झालो. (मला गप्प बसलेले सूनबाईने लग्नानंतर प्रथमच पाहिले म्हणे.)

'नको'च का, तर न बोलणाऱ्या लेकराच्या हातात लोक येईल ते कोंबतात, म्हणून तिला आधी नकार देता आला पाहिजे, असे बाईंचे म्हणणे. त्या नाकपुडीशी बोट धरतात तो 'न', हनुवटीखाली धरतात तो 'को'. आधी दोघींनी मिळून म्हणायचे, मग बाईंनी नुसते ओठ हलवायचे, मग मुंगीने एकटीने. आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचे. हे थांबणेच मला नडले. घरचा सराव माझ्याकडे आला, आणि मुंगी तोंडाची जुळवाजुळव करते तोवर माझ्या तोंडून एक वार, दोन वार, तीन वार सुटायचे, हात आपोआप टेबलावर आपटायचा आणि शब्द मीच म्हणून मोकळा व्हायचो. सूनबाईने बाईंकडे चुगली केली. तेव्हापासून मुंगीसमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे, अशी मला शिक्षा आहे.

परवा तसाच बसून तिला माझ्या बाजाराची एक गोष्ट सांगत होतो. तिने माझ्याकडे रोखून पाहिले. स्वतःचे बोट नाकपुडीला लावले, मग हनुवटीखाली. ओठ उघडले, चुकले, मिटले, पुन्हा उघडले. तिच्या कपाळावर घाम आला. मी हात दाबून धरले, श्वासही दाबून धरला. आणि ती म्हणाली, "नको." माझ्या गोष्टीला. सूनबाई धावत आली आणि दारातच रडायला लागली. मग आम्ही सगळे वेड्यासारखे तिला काहीबाही देऊ लागलो, पुन्हा नकार मिळावा म्हणून. मी माझा चष्मा दिला, सूनबाईने उशी, चिरंजिवांनी तर गाडीची किल्ली पुढे केली. दर वेळी तीच धडपड, काही वेळा हुकलेसुद्धा, पण तिने हार मानली नाही. (बिस्कीट मात्र मुकाट्याने घेतले.) ताई, मी एवढे लिलाव पाहिले, पण एका शब्दासाठी इतके पणाला लावणारे माणूस पाहिले नव्हते. मला अजून त्याचे नवल वाटते आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. खरे काम राहिलेच. रविवारी फोन केलास की 'हॅलो' म्हण आणि गप्प बस. मुंगी तुझ्यासाठी एक शब्द घोटते आहे. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येईल. फोन बिघडला समजून ठेवू नकोस आणि तिच्या आधी तू बोलू नकोस. हात मांडीखाली घेऊन पाहा, उपयोग होतो.

आणखी एक. मी तिला 'आजी' हा शब्द सुचवला होता. तिने 'नको' म्हटले आणि तुझ्या फोटोला हाताने बोलावत राहिली. मग बाईंनी तिला 'ये' शिकवायला घेतले. म्हणून गुडघ्यांचे काय ते आधीच ठरवून ठेव. तो शब्द ऐकल्यावर तुला नाही म्हणता यायचे नाही.