बॉनेट दाबायला दुसरा माणूस

गुरुवार, दिनांक १६ जानेवारी २०२५. सकाळी पंपाने टाकी भरली. आंब्याच्या कलमांना मोहोर चांगला आहे. अकरा वाजता डॉक्टरांकडे जाऊन माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आणला. त्यांनी आजची तारीख विचारली, राहते गाव विचारले आणि मुलांची नावे विचारली. मी दोन्ही नावे सांगितली. त्यांनी ते चूक धरले नाही. दुपारी वाटीभर तांदळाचा भात केला, तो अर्धा उरला.

मी, श्याम त्रिंबक मुळ्ये, वय ६९, निवृत्त आरेखक, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब असण्यासारखे घरात कोणी उरलेले नाही. पत्नी मालिनी मागच्या वर्षी वारली. मुलगा उन्मेष त्याआधी, १० नोव्हेंबर २०२० रोजी गेला. मुलगी अवनी ठाण्याला असते.

१. राहते घर, त्यामागची नऊ कलमे आणि बँकेतील सर्व ठेवी अवनीला द्याव्यात. आईच्या बांगड्या तिच्याकडे आधीच आहेत. घर विकायचे झाल्यास विकावे, माझी हरकत नाही. देवघरातील देव मात्र ठाण्याला न्यावेत.

२. उन्मेषचे कपडे मालिनीने कोणाला देऊ दिले नाहीत. ते मधल्या खोलीतील कपाटात आहेत. त्यांचे काय करावे हे मला कळलेले नाही. अवनीने ठरवावे.

३. शेडमधील लाल रंगाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार. ती उन्मेषने मुंबईहून जुनी आणली तेव्हा पस्तीस वर्षांची होती, म्हणजे त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती कोणाला द्यावी याचा मी फार विचार केला. ते पुढे कलम ५ मध्ये लिहिले आहे. आधी तिच्या दोन खोडी लिहून ठेवतो, कारण ज्याच्या हाती ती जाईल त्याला त्या माहीत असल्या पाहिजेत.

पहिली खोड नळ्यांची. इंजिन हवा ओढते आणि त्या ओढीवर ब्रेकला मदत मिळते. रबराच्या नळ्या जुन्या आहेत. कुठे चीर पडली की उभ्या गाडीचा स्पीड आपोआप वरखाली होतो आणि बारीक स्स्स असा आवाज येतो. अशा वेळी पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून पेटती उदबत्ती नळीच्या कडेकडेने फिरवावी. जिथे धूर आत खेचला जाईल तिथे चीर आहे. मी आणि उन्मेष असेच शोधत असू. मालिनी म्हणायची, "देवाला एक काडी आणि इंजिनाला अख्खा पुडा. एकदाचं ते इंजिनच देवघरात आणून बसवा." चीर सापडली तर नळी बदलावी. टेप गुंडाळू नये. ब्रेकचे पेडल दगडासारखे लागले तर गाडी जागची हलवू नये.

दुसरी खोड बॉनेटची. त्याची वायर तुटली तेव्हा मी स्कूटरच्या क्लचची वायर कापून बसवली. ती दोन बोटे आखूड पडली, त्यामुळे आतला खटका पूर्ण सुटत नाही. एकाने बॉनेट उजव्या कोपऱ्यावर दाबून धरायचे आणि दुसऱ्याने आत बसून लिव्हर ओढायचा, तेव्हा ते उघडते. उन्मेष म्हणायचा, "बाबा, ही गाडी उघडायला एकत्र कुटुंब लागतं." मला त्या वायरचा अभिमान होता. वायरसकट नवीन लॅच, म्हणजे अख्खा खटकाच, मागवू या असे तो म्हणाला की मी म्हणत असे, चालतेय ना.

४. हे कलम अवनीने शांतपणे वाचावे.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्हाला ब्रेकच्या नळीला चीर दिसली. मी तिच्यावर टेप गुंडाळली आणि नवीन नळी येईपर्यंत रोज उघडून बघायचे असे ठरवले. इंजिनाच्या उष्णतेने टेप सुटते हे मला माहीत होते. गाडीची मोठी कामे भागोजी मेकॅनिक करायचा, त्याला यातले काही सांगितले नव्हते. ९ तारखेच्या रात्री उन्मेषने सांगितले की त्याने नवीन लॅच मागवला आहे. मला न विचारता. मला ते लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंजनवेलला मित्राकडे फराळ घेऊन निघाला होता. त्याने शेडमधून हाक मारली, "बाबा, जरा येऊन दाबा ना. टेप बघून घेतो."

मी ओटीवर पेपर वाचत होतो. म्हणालो, "नवा लॅच येतोय ना? तो आला की उघड."

तो हसला. "रुसलात होय? बरं, असू दे."

ओटी ते शेड बावीस पावले आहेत.

अंजनवेलच्या उतारावर टेप सुटली. ब्रेक लागला नाही. गाडीची उजवी बाजू फणसावर आदळली. बॉनेटला खरचटलेसुद्धा नाही. अपघाताच्या तपासणीला आरटीओचे साहेब आले, त्यांना ते उघडेना, तेव्हा कोपऱ्यावर मीच दाबले. नळीवरची सुटलेली टेप बघून त्यांनी विचारले, "हे काम कोणाचं?" मी म्हटले, "गाडी भागोजीकडे असते."

हे वाक्य खोटे नव्हते. गाडी दुरुस्तीला खरोखर त्याच्याकडे असायची.

भागोजीला तीन वेळा पोलीस चौकीत बोलावले. पुढे काही शाबीत झाले नाही, पण त्याच्याकडे गाड्या येणे थांबले. बाराव्यानंतर तो आमच्या दारात आला होता. पायरी चढला नाही. म्हणाला, "काका, त्या नळीला मी हातपण लावलेला नाय. तुमाला ठाव हाय."

आतून मालिनी म्हणाली, "त्याला पाणीसुद्धा विचारू नका."

मी पाणी विचारले नाही. तो गेला. पुढच्या पावसाळ्यात त्याने गॅरेज बंद केले. आता हंगामात आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो चालवतो. मालिनी शेवटपर्यंत रोज एकदा त्याला शिव्याशाप देत असे. तिला मी खरे सांगितले नाही. तिला सांगितले असते तर ते शाप मला मिळाले असते, आणि तिला या घरात बोलायला दुसरे कोणी नव्हते. हे मी कारण म्हणून लिहीत नाही.

५. शेड, त्याखालची रस्त्यालगतची दोन गुंठे जागा, माझी सर्व हत्यारे आणि वर लिहिलेली गाडी भागोजी धोंडू गोताड यांना द्यावी. मी ती चार वर्षांत दुरुस्त केली आहे. सर्व नळ्या नवीन आहेत, इंजिन चालू होते. मी ती शेडबाहेर काढलेली नाही. त्यांनी ती चालवावी, मोडीत घालावी किंवा घेऊ नये. घेतली नाही तर कोणी आग्रह करू नये. भागोजींना साक्षीला बोलवावे असे मनात होते. वकील म्हणाले, ज्याला द्यायचे त्याची साक्ष चालत नाही. मला ते ऐकून बरे वाटले, हेही नोंदवतो.

६. लॅच मी बदललेला नाही. उन्मेषने मागवलेला नवीन लॅच तो गेल्यावर सहा दिवसांनी आला. तो खोक्यासकट फळीवर आहे. एकट्या माणसाला बॉनेट उघडायचे झाल्यास उजव्या कोपऱ्यावर टॉवेलची घडी ठेवून तिच्यावर जांभ्या दगडाचा अर्धा चिरा ठेवावा. तेवढे वजन पुरते. हे मला मालिनी गेल्यावर सुचले. त्या दिवशी माझ्याऐवजी ओटीवर अर्धा चिरा असता तरी चालले असते.

७. माझे दिवस घालू नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अवनीने करावी आणि कलम ४ भागोजींच्या घरी जाऊन, त्यांच्या माणसांसमोर मोठ्याने वाचावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले. ते माझेच आहे.

सही: श्याम त्रिंबक मुळ्ये

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. विमला यशवंत रानडे, निवृत्त शिक्षिका, शेजारी
२. गुरुप्रसाद महादेव सावंत, शेजारी

ठिकाण: नाचणे, रत्नागिरी. दिनांक: १६ जानेवारी २०२५

टीप. हा मृत्युपत्राचा भाग नाही.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण विमलाताईंनी चष्मा लावून सगळा वाचला. गुरुप्रसाद चहा पिऊन गेला तरी त्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "श्यामभाऊ, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

मी हो म्हटले.

"आणि तोवर भागोजीने काय करायचं? तुमच्या मरणाची वाट बघायची?"

 त्या कपबशा विसळून गेल्या.

कलम ४ मी दोन कागदांवर उतरवून काढले, एक वाचायला. खाली सही केली. भागोजी रोज सकाळी टेम्पो धुवायला विहिरीवर असतो, तिथे चार माणसे असतात. उद्या तिथे जायचे आहे. वाचताना आवाज फुटला नाही तर हातात देता यावा म्हणून दुसरा कागद पाकिटात घातला आणि पाकिटावर भागोजीचे पूर्ण नाव लिहिले. पाकिटाचा डिंक सुकलेला होता. आत जाऊन दुपारच्या भाताची चार शिते घेतली, कडेला लावली आणि अंगठ्याने दाबून धरली.