मुखाची बाजू

३ नोव्हेंबर, सीवा (इजिप्त)
मत्रूहहून आलेल्या बसने हाडे खिळखिळी केली, तरी मन प्रसन्न आहे. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कोणाला तरी माझी गरज भासली: येथील लहानशा संग्रहालयातील दगड झालेल्या सागरी साळिंदरांची, म्हणजे ‘सी अर्चिन’ या काटेरी सागरी प्राण्यांची, मी वर्गवारी करायची आहे. रखवालदार सनूसीने खजूर आणि पुदिन्याचा चहा दिला. इतकी वर्षे शिकून शेवटी दगड मोजायला आलात होय, असेही त्याने विचारले. माझ्या खोलीच्या खारमातीच्या भिंतींतही असे दगड पुष्कळ आहेत. पावाएवढे, पाठीवर पाच पाकळ्यांचे फूल. बारा तारखेला रशीदा येईल. तिची आई वसंतात गेली, तेव्हापासून माझी लेक माझा हात धरूनच चालते. मी उगाच कुरकुरतो.

४ नोव्हेंबर
येथील गवंडी प्रत्येक दगडाचे मुख भिंतीच्या आत ठेवतात. बाहेर केवळ फूल दिसते. परंतु मुख मध्यभागी आहे की पुढे सरकलेले, गुदद्वार माथ्यावर आहे की कडेला, हे पाहिल्यावाचून प्राण्याचे कूळ ठरत नाही. म्हणून पलंगाजवळचा एक दगड चाकूने सोडवला. लांबी बासष्ट मिलिमीटर. मुखात मीठ दाटले होते; तर्जनीने साफ केले. दगडाची जाडी पाहता बोट जरा जास्तच आत गेले.

५ नोव्हेंबर
तर्जनी बधिर आहे. दगड पाहून सनूसीचा चेहरा उतरला.
“उस्ताद, हे आत्ताच्या आत्ता परत बसवा. तोंड आत. आमच्या आजोबांनी उगाच नाही घातलं ते भिंतीत.”
चित्र काढायला तीन दिवस लागतील, असे मी सांगितले. शिकलेल्या माणसांना सगळे दोनदा सांगावे लागते, असे पुटपुटत तो गेला.

७ नोव्हेंबर
लांबी चौसष्ट. मोजण्यात माझी चूक होत नाही. हा प्राणी वाढतो तेव्हा कवचाच्या नव्या चकत्या माथ्याजवळच येतात. तेथे दहा नव्या चकत्या आहेत. ओलसर. हे कूळ कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले.
मनगटापर्यंत संवेदना नाही. तळहातावर पांढऱ्या कणांच्या पाच दुहेरी ओळी, मध्ये खळगा.

८ नोव्हेंबर
चित्र पूर्ण झाले. दगड परत बसवायला गेलो. भोकात मावला नाही. सनूसीने कडा खरवडल्या. तोवर दगड आणखी मोठा झाला होता. सनूसीने आज थट्टा केली नाही.

१० नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितो. उजवा खांद्यापर्यंत गेला. या प्राण्याला डोके नसते, मेंदू नसतो. मुखाभोवती चेतातंतूंचे एक कडे, एवढेच. पत्नीचे छायाचित्र काढून पाहिले. नाव आठवले. आणखी काही झाले नाही. तशी नोंद करतो.

११ नोव्हेंबर
किटलीने हात भाजला. वासावरून कळले. रशीदाने येऊ नये, अशी तार करायला सनूसीला पाठवले. परतला — ती निघाली आहे, असा निरोप घरून आला. मला एवढेच हवे आहे, की तिने हात धरला तर एकदा — केवळ एकदा — तो जाणवावा.

१२ नोव्हेंबर
रशीदा आली. सनूसी दारातून तिला ओरडून काही सांगतो आहे. ती ऐकत नाही. माझा उजवा हात तिच्या मांडीवर आहे. पाहिले म्हणून कळले. तिला रडू येते आहे — जखमेत किती हे मीठ साचू दिलंत, बाबा, म्हणून रागावते आहे. रुमाल ओला केला. बोटाने साफ —
तळहाताची जाडी पाहता तिचे बोट जास्तच —
तिला दुखत नाही. तसे तीच म्हणाली. बोट काढ, असे मी तिला सांगायला हवे. आधी हे वाक्य पूर्ण करतो, मग लगेच —