पुढचं फाटक

मंगळवार, २२ ऑगस्ट १९१६

फादर कॉन्सिडीन शेजारच्या हॅनरहनबाईंकडे गेले! मी परसात कपडे वाळत घालत होते. रडणं नाही, आरोळी नाही — फक्त त्यांच्या चुलीवरचे बटाटे करपल्याचा वास. भांडं कुणी उतरवलंच नाही. मग कळलं. त्यांचा मुलगा डेनी लढाईत गेला. फ्रान्समध्ये. आमचा गार्नेटही तिकडेच आहे.

आमच्या मूंटा गावात आता सगळ्यांना पाठ झालंय. पोरगा जखमी झाला तर तार पोस्टाचा माणूस आणतो. मेला तर तार आधी ज्याच्या त्याच्या पंथाच्या धर्मगुरूकडे जाते. रोमन कॅथलिक असेल तर फादरकडे, आम्हा मेथडिस्टांची पाळक ओपींकडे. त्यांनी घरी येऊन सांगायचं.

म्हणजे दर रविवारी ज्यांच्या तोंडून वचन ऐकते, त्यांच्याच पावलांना भ्यायचं. प्रभू, क्षमा कर.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

पाळक ओपी आले. पुढच्या फाटकाने! मी टेबल धरून उभी. बाबा खुर्चीतून उठले, काठी गळून पडली. आणि पाळकसाहेब विचारतात काय — "केझिया, मोज्यांची लोकर उरलीय का ग थोडी?"

माझं तोंड पाहून बिचारे तेच रडवेले झाले. बाबा गरजले, "ओपी, पुन्हा असा आलास तर आधी माझीच तार कर!"

मग ठरलं. सहज यायचं असेल तर मागच्या गल्लीने, स्वयंपाकघराच्या दारातून. पुढच्या फाटकाने फक्त — वाक्य कुणी पुरं केलं नाही.

चहा दिला. सकाळच्याच पानांचा.

रविवार, १९ नोव्हेंबर

गार्नेट अधिकारी झाला! सेकंड लेफ्टनंट! साधा शिपाई म्हणून गॅलिपोलीला उतरलेला माझा भाऊ. बँकेच्या खिडकीमागे बसायचा तेव्हा बाहीला शाईचा ठिपका लागला तरी कासावीस व्हायचा. आई गेली तेव्हा केवढासा होता. माझ्याच हाताखाली वाढला.

चॅपलबाहेर बँकेचे मॅनेजर बाबांना म्हणाले, "अभिनंदन, कॅप्टन ट्रेवार्था! आमच्याकडे एवढी बढती मिळवायला त्याचे केस पांढरे झाले असते." बाबा खाणीतले कॅप्टन, म्हणजे मुकादम. खाण सुटली तरी गाव अजून कॅप्टनच म्हणतं.

बाबांनी विचारलं, "आणि त्या जागेवर आधी होता तो कुठे गेला?"

मॅनेजर टोपी चाचपत राहिले.

शनिवार, ३ मार्च १९१७

मिलिटरी क्रॉस! पेपरात गार्नेटचं नाव. वरचे सगळे अधिकारी पडले, तेव्हा यानेच उरलेली माणसं गोळा करून खंदक राखला म्हणे. सगळे पडले — पेपरवाल्याने हे दोन शब्द किती सहज टाकलेत.

पास्टी केल्या, सारण भरून भाजलेल्या करंज्या. सलगम जास्त, मांस नावाला.

"पोराला राजाचं पदक, आणि बापाला सलगम!" — बाबा.

"मांस डबाबंद करून त्यालाच पाठवलंय."

मग बाबांनी पानातलं सगळं संपवलं.

शुक्रवार, ६ एप्रिल. गुड फ्रायडे.

पत्र नाही.

शुक्रवार, २७ जुलै

आलं! मे महिन्यातलं पत्र. "केझी, आता घरात दोन कॅप्टन. बाबांना सांग, यापुढे सलाम त्यांनी मला ठोकायचा." आणि खाली — "कॅप्टन लॅश्बी गेले, म्हणून जागा रिकामी झाली."

जागा रिकामी! बँकेत लिहावं तसं. पहिल्यापासूनच हे असं आहे. प्रत्येक पायरी मेलेल्याच्या खांद्यावरून. आता त्याच्या जागेवर कुणाचा डोळा असेल?

आणखी लिहितो — आमच्यात एक पाद्री आहेत, थेट पुढच्या खंदकात येऊन बसतात. मरणाऱ्याचा हात सोडत नाहीत. त्यांच्याशी हल्ली फार बोलतो. वाचून बरं वाटलं.

बाबा म्हणाले, "मेथडिस्ट आहे का, ते लिहिलंय?"

"खंदकात कोण विचारतंय, बाबा!"

"मी विचारतोय."

सक्तीच्या भरतीच्या मतदानात रोमन लोक विरुद्ध गेले, तेव्हापासून बाबांना त्यांचं नाव घरात काढलेलं चालत नाही. हॅनरहनबाई दिसल्या की बाबा पाठ फिरवतात. मुलगा गेलाय हो तिचा! मी कुंपणावरून अंडी देते — गुपचूप.

शनिवार, २२ सप्टेंबर

आणखी एक मान. त्याच क्रॉसवर पट्टी — म्हणजे तीच बहादुरी दुसऱ्यांदा. चॅपलमध्ये टाळ्या. बायका म्हणाल्या, "नशीबवान ग तुम्ही!" मनात पाल चुकचुकली.

घरी बूट काढताना बाबा म्हणाले, "त्याला लिही, आता पुरे. खाणीत छप्पर कोसळलं की पहिला आत शिरतो तो कॅप्टन. मी शिरायचो. मला ठाऊक आहे."

लिहिलं नाही. कसं लिहू?

सोमवार, ८ ऑक्टोबर

बेल्जियममध्ये मोठी लढाई. आपलीच पोरं. आपलाच जय, म्हणे.

गुडघे टेकले आणि काय मागून बसले! प्रभू, त्याला जखम दे. पायाला. लंगडा कर, पण परत दे. पोस्टाच्या माणसाने आणावी एवढीच तार धाड. — अशी प्रार्थना कोणती बहीण करते?

गुरुवार, ११ ऑक्टोबर

पाळक ओपी मागल्या दाराने आले. जाम घेऊन गेले. देव त्यांचं भलं करो.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

पुढचं फाटक वाजलं. पडदा सारून पाहते तर — फादर कॉन्सिडीन! जीव भांड्यात पडला. हसतच बाहेर गेले. "घर चुकलात, फादर. हॅनरहनबाई पलीकडे."

त्यांनी टोपी काढली. "घर हेच, मिस ट्रेवार्था. कॅप्टन गार्नेटने तिकडे आमचा पंथ घेतला होता. म्हणून तार माझ्याकडे आली."

आतून बाबांनी हाक मारली, "कोण आहे ग? ओपी नाही ना?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "ओपी नाहीत."