दार फळणीच्या दिवशी मी वेडी नव्हते

मी, हन्ना रूबेन वाकरुळकर, लग्नानंतरचे नाव श्रीमती सुजाता संतराम पाईकराव, वय ७३ वर्षे, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. 'पूर्ण शुद्धीत' हे शब्द सगळेच लिहितात. मला ते सिद्ध करावे लागतात, कारण माझे डोके फिरल्याचा एका डॉक्टरचा कागद माझ्या पुतण्याच्या कपाटात आहे. म्हणून आज सकाळी दवाखान्यात जाऊन तपासून घेतले. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी तीस वर्षे लेकरांच्या वजनाचे तक्ते भरले आहेत, त्यांच्या आधी दोनवर पोचले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मी कोण, हे आधी. माझे वडील, बापू, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. मराठी बोलणारे, मराठीत भांडणारे ज्यू. सिद्धेश्वर धरणाच्या कामावर मेकॅनिक म्हणून आले आणि इथेच राहिले. आई मी लहान असतानाच गेली होती. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, पुढे पत्रेही थांबली. १९७२ साली बापू वारले, तेव्हा आमच्यातले दुसरे कोणी आसपास नव्हते. सिद्धेश्वर गावच्या मकबूलभाईंच्या वडिलांनी स्वतःच्या शेताच्या बांधावर जागा दिली आणि खड्डाही खणला. आमच्यात मयताच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मी एकटी होते, मला अर्धीच येत होती, तेवढी म्हटली.

सहा वर्षांनी संतराम गुरुजींशी लग्न केले. घर बौद्ध, माणूस भला. म्हणाले, "हन्ना म्हटलं की लोक शंभर गोष्टी इचारतेत. सुजाता ठेवू." मी बरं म्हटले. पुढच्या एक्केचाळीस वर्षांत, तुला तुझ्यातले काही आठवते का, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. मला त्यांचा राग आहे. ते जाऊन सहा वर्षे झाली, तरी सकाळी हातून दोन कप चहा होतो.

२. दाराविषयी. आमच्यात वर्षातून एकदा दार फळणीचा सण असतो. पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, दार बंद करून दिवसभर देवाची माफी मागायची. परक्याशी त्या दिवशी बोलायचे नाही, असे बापू सांगत. गुरुजी गेल्यावर घर खायला उठायचे. मला बापूंचा तो बंद दाराचा दिवस फार आठवू लागला. मकबूलभाईंची नात आफिफा हिने मोबाईलवर तारीख काढून दिली. २०२२ साली तो दिवस नेमका विजयादशमीला आला. प्रमोद, माझे दीर जळबा यांचा मुलगा, पांढरे कपडे घालून मला विहारात न्यायला आला. "काकू, वंदनेला चला." मी ऐकले. ओ दिली नाही. त्याने खिडकीतून पाहिले, तर मी पांढऱ्या लुगड्यात जमिनीवर डोके टेकून पुटपुटते आहे. त्याने पहार आणून दार फोडले.

तो घाबरला होता, हे मला मान्य आहे. मला शहरातल्या दवाखान्यात नेले आणि तिथल्या बाकावर तीन दिवस बसून होता. पण काकू काय करत होती, हे त्याने विचारले नाही. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत लिहिले: कोंडून घेते, अन्न नाकारते, मेलेल्या वडिलांशी बोलते. मला म्हणाले, धर्माचे खूळ सोडा, टीव्ही बघत जा. त्यांच्या गोळ्यांनी मी दोन महिने नुसती झोपून काढले.

३. दीक्षा, आमच्या दवाखान्यात दर बुधवारी येणारी समुपदेशक, हिला मी काहीही देत नाही, कारण ती घेत नाही. "मावशी, सुपारीचं खांड बी घेता येत न्हाई मला." पण नोंद असावी. पहिल्यांदा तिनेच विचारले, "दार काहून लावलं होतं?" दुसऱ्या बुधवारी तिने परदेशी ज्यूंचे चित्र छापून आणले, सात फांद्यांचे दिवे आणि काळ्या टोप्या. मी म्हटले, हे आमचे नाही. बापू पेल्यात पाणी आणि तेल घालून वात लावत, आणि गोड पोह्यांचा मलिदा करत. तिने कागद घडी करून पिशवीत टाकला. "चुकलं माझं. तुमचं तुमी सांगा, मी लिहून घेते." बुद्धाची तसबीर काढून ठेवू का, असे मी एकदा विचारले. "काहून? एक्केचाळीस वर्षं तुमी खोटं थोडीच जगल्या?" त्या दिवशी मी दवाखान्यात रडले. मी नक्की कोण, हे अजूनही पुरते सांगता येत नाही, पण आता ते विचारताना लाज वाटत नाही.

तिने लिहून घेतलेली आमच्या सणांची वही मात्र तिच्या टेबलाच्या खणात राहू द्यावी. माझ्यासारखे कोणी आले तर तिला चित्र छापावे लागणार नाही.

४. लेकरांच्या वजनाचा काटा आणि पोटावर लावून ठोके ऐकायचे लाकडी नळकांडे आफिफाला. ती नर्सिंग शिकते आहे. मशीन बंद पडले की माझी आठवण येईल.

५. जवळा बाजारचे दोन खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. आमच्यात मयत पुरतात, पण वकीलसाहेब म्हणाले, मयताचे काय करायचे हे लिहून वारसाला बांधता येत नाही. मग मी मसुदा केला की प्रमोदने मला पुरले तर घर त्याला, जाळले तर आफिफाला. दीक्षाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "घरासाठी पुरलं, तर कोणाला पुरलं ते त्याला कळंल का?" मी तो कागद चुलीत घातला. घर व बँकेतली शिल्लक प्रमोद जळबा पाईकराव यास, विनाअट.

६. मृत्युपत्रे राख सावडून झाल्यावर उघडतात. म्हणून याची एक प्रत आजच प्रमोदच्या हाती देत आहे. बापूंच्या शेजारची जागा मकबूलभाईंनी राखली आहे. ग्रामपंचायतीची परवानगी सोबत आहे.

प्रमोद, बाळा, त्या दिवशी तुला परका समजून मी ओ दिली नाही. ती चूक माझी. तू मला वेडी समजलास, ती तुझी. प्रार्थना येणारे इथे कोणी नाही, तेव्हा तू तुझी वंदना म्हण, चालेल. मातीची पहिली मूठ तूच टाक, मला दुसरे कोणी नाही. घर तुझे आहे, पुरलेस तरी आणि न पुरलेस तरी. मला जाळू नकोस.

ठिकाण: जवळा बाजार
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

सही: हन्ना रूबेन वाकरुळकर
ऊर्फ सुजाता संतराम पाईकराव

बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:
१) शेख मकबूल शेख चाँद, शेतकरी, सिद्धेश्वर
२) जनकाबाई प्रेमदास चव्हाण, निवृत्त परिचर, जवळा बाजार (डाव्या हाताचा अंगठा)